वाढत्या अंगाची फळी

मध्यमवर्गीय घरात मुलांचे कपडे शिवायला टाकताना शिंप्याला एक सूचना हटकून दिली जात असे: "जरा वाढत्या अंगाचे शिवा." या चार शब्दांत केवढे अर्थशास्त्र आणि केवढा आशावाद साठवलेला आहे! मूल आज जेवढे आहे तेवढेच कापड बेतणे ही उधळपट्टी; ते उद्या जेवढे होईल त्या मापाने बेतणे ही दूरदृष्टी. मग दोन वर्षे बाह्या दुमडून काढावयाच्या, आणि तिसऱ्या वर्षी सदरा अंगाला बसू लागतो न लागतो तोच तो कोपरावर विरावयाचा! याच न्यायाने पाय पोचत नसताना मोठ्यांची सायकल घेतली गेली, आणि ती आम्ही दांडीखालून पाय घालून, कैची मारीत चालवली. या पद्धतीची थट्टा करण्याचा माझा विचार नाही. तिने कित्येक संसार तारले आहेत. परंतु ही दूरदृष्टी जेथे मुळीच चालत नाही, नव्हे, जेथे ती माणसाला बुडवू शकते, असे एक क्षेत्र मला ठाऊक आहे. फळीवर उभे राहून, हातात शीड धरून, निव्वळ वाऱ्याच्या बळाने पाणी कापीत जावयाचे, असा एक खेळ आहे. सारे जग त्याला विंडसर्फिंग म्हणते.

चाळिशी उलटल्यावर गोव्याच्या किनाऱ्यावर मी हा खेळ थोडाबहुत शिकलो. तेवढ्या भांडवलावर आमच्या नातेवाइकांत या विषयातला जाणकार म्हणून माझी गणना होते. म्हणूनच वरवंडहून माझ्या भाच्याने जेव्हा "मामा, मी फळी घेतोय," असे कळवले, तेव्हा त्याच्यापेक्षा त्याच्या आईला माझ्या सल्ल्याची अधिक गरज होती.

वरवंड आणि विंडसर्फिंग ही जोडी कोणाला विजोड वाटेल. पुण्याहून सोलापूरच्या वाटेवर साठेक किलोमीटर गेले की दौंड तालुक्यातले हे गाव लागते. भोवती ऊस, मोकळा सपाट मुलूख आणि रुक्ष हवा. समुद्राचा येथे काय संबंध? पण गावाला तलाव आहे. व्हिक्टोरिया तलाव हे त्याचे नाव, आणि ते कोणत्या राजवटीतले हे निराळे सांगावयास नको. त्यात खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी सोडतात. मौज अशी की, ज्या खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या हाकावयास शिकतात, तेथलेच पाणी कालव्याने वरवंडला येते. म्हणजे गावात पोचण्यापूर्वीच त्या पाण्याने शिडे पाहिलेली असतात! आणि वाऱ्याचे म्हणाल तर सह्याद्रीने पाऊस अडवून ठेवला तरी वारा त्याला अडवता येत नाही. आषाढात घाटमाथ्यावर धुवाधार चालू असते तेव्हा या पठारावरून कोरडा पश्चिम वारा असा भणाणत जातो की उभा ऊस एकीकडे कलतो. तलावाच्या काठी उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलाला तो वारा फुकट चालला आहे असे वाटले, तर त्यात त्याचा काय दोष?

त्याने गाठीला पैसे जमवले होते, आणि एका जाहिरातीत त्याला जुनी फळी व शीड स्वस्तात मिळत होते. फळी लहान, निमुळती, शर्यतीच्या घाटाची, शीड थोरले. "आज जड जाईल, पण शिकल्यावर हीच लागणार. दोनदा कशाला खर्च करायचा?" हा त्याचा युक्तिवाद. तो ऐकून मला आमचा जुना शिंपी आठवला. मुलगा फळी घेत नव्हता. तो वाढत्या अंगाचा सदरा शिवीत होता.

मात्र या खेळात मापांचा व्यवहार नेमका उलटा आहे. अंगी कसब वाढेल तसतशी फळी मोठी होत नाही, लहान होत जाते. पारंगत माणूस चिमुकल्या फळीवर वाऱ्यासारखा धावतो. नवशिक्याला मात्र चांगली जाजमाएवढी ऐसपैस फळी लागते. फळीचे माप लिटरमध्ये सांगतात. ती सगळी पाण्याखाली दाबली तर किती लिटर पाणी बाजूला सारील, एवढाच त्याचा अर्थ. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तेव्हा हिशेब शाळकरी पोरालाही जमेल. माझ्या भाच्याचे वजन साठ किलो. जाहिरातीतली फळी 85 लिटरची. फळीचे स्वतःचे वजन 7 किलो धरा, शीड व काठी यांचे 9, एकूण 76. शिल्लक राहिले 9 लिटर! एवढ्या तुटपुंज्या शिलकीवर फळी वेगात असताना तरते, कारण वेग तिला उचलून धरतो. पण वेग घेण्यापूर्वी उभे तर राहावयास हवे, आणि उभे राहताच ती पायाखालून निसटते. उलट 190 लिटरची रुंद फळी घेतली, तर तिचे 14, शिडाचे 8 आणि मुलाचे 60 वजा जाऊन शंभरावर लिटर हाती उरतात. नवशिका ज्या ज्या चुका करणार त्या साऱ्या या शिलकेतून फेडल्या जातात. शरीराच्या किलोंत निदान शंभर मिळवून येईल तितक्या लिटरची पहिली फळी घ्यावी, आणि ती पाऊण मीटरहून रुंद असावी, असा साधारण संकेत आहे. त्यात कंजुषी करू नये.

शिडाची गोष्ट याच्या उलट. ते लहान हवे. वारा दुप्पट झाला की त्याची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. हे गणित ज्याने अंगावर घेतले आहे तो मोठ्या शिडाचा हव्यास धरीत नाही. शिवाय शीड पाण्यात आडवे पडले की त्यावर पाणी बसते, आणि दोराने ते उचलताना नवशिक्याची कंबर दिवसातून पन्नास वेळा त्या पाण्याचे वजन तोलते. साठ-सत्तर किलोच्या माणसाला आरंभी चार ते पाच चौरस मीटरचे शीड पुष्कळ झाले. वाराही ताशी दहा ते वीस किलोमीटरचा, झाडाची पाने व डहाळ्या हलवणारा असावा. ऊस लववणारा नको. आषाढाचा वारा पुढच्या इयत्तेचा आहे.

हे सारे मी बहिणीच्या ओसरीवर बसून भाच्याला समजावीत होतो. ती शेंगा फोडता फोडता ऐकत होती. माझे लिटर आणि चौरस मीटर संपल्यावर तिने मान वर केली आणि म्हणाली, "दादा, जायचं कसं ते कळलं. परत कसं यायचं, ते सांग."

इतका नेमका प्रश्न मी या विषयावरच्या कोणत्याही चर्चेत ऐकला नव्हता. जाहिराती वेगाच्या असतात, छायाचित्रे उड्यांची असतात. परत येण्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. तलावात किंवा समुद्रात घातलेल्या पोराची वाट पाहणाऱ्या आईला मात्र तेवढेच चित्र हवे असते. पहिले सामान निवडावयाची खरी कसोटी तिच्या त्या प्रश्नात होती. ही वस्तू किती जोराने जाते, हे विचारू नये. ज्याला अजून काही येत नाही अशा माणसाला ती परत आणते का, हे विचारावे.

याचे उत्तर फळीच्या पोटात आहे. वाऱ्याकडे सरळ तोंड करून शीड चालत नाही; वाऱ्याशी सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन साधून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशा नागमोडी वाटेने वर चढावे लागते. तसे करताना फळी बाजूला सरकत वाऱ्याबरोबर वाहून जाऊ नये म्हणून शिकाऊ फळीच्या मध्यभागी एक लांब पाते खाली सोडण्याची सोय असते. तिला डॅगरबोर्ड म्हणतात. लहान, वेगवान फळीला हे पाते नसते; ती भरधाव असेल तरच वाऱ्यावर चढते. ज्याला भरधाव जाता येत नाही तो तिच्यावरून फक्त वाहत जातो, आणि समोरचा काठ किंवा क्षितिज यांपैकी जे आधी येईल तेथे पोचतो. म्हणून माझा आग्रह असा की, पहिल्या फळीला बाकी काही नसले तरी चालेल, हे पाते हवेच.

दुसरे उत्तर वाऱ्याच्या दिशेत आहे. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे घोकले. ते परीक्षेनंतर कधी उपयोगी पडतील असे कोणाला वाटले होते? गोव्याच्या किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. पाणी त्या वेळी कसे आरशासारखे दिसते आणि नवशिक्याला मोह पडतो. पण तो वारा नावाप्रमाणेच मतलबी असून माणसाला गोडीगुलाबीने बाहेर नेतो. दुपारचा खारा वारा अंगावर येतो, पाणी खवळवतो, पण पडलात तर किनाऱ्याकडेच ढकलतो. आरंभ करावयाचा तो तिरप्या येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर. आणि काहीही झाले तरी फळी सोडून पोहत निघावयाचे नाही. शीड गुंडाळून फळीवर आडवे घालावे, पालथे पडून हातांनी वल्हवीत यावे. तेही न जमले तर फळीवर बसून दोन्ही हात हलवावे. फळी हीच होडी आणि फळी हीच तारक, हे सूत्र शीड उचलण्याआधी शिकवतात.

सामानातला सर्वांत क्षुद्र दिसणारा भाग म्हणजे काठीच्या बुडाशी असलेला लवचीक सांधा. पण हा खेळ जन्मला तो या सांध्यापोटी. इतर शिडाच्या होडीची डोलकाठी ताठ रोवलेली असते आणि दिशा द्यावयास सुकाणू असते. येथे सुकाणूच नाही. काठी सर्व बाजूंना कलते. ती पुढे झुकवली की फळीचे नाक वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवली की वाऱ्याकडे. अमेरिकेत न्यूमन डार्बी याने 1964 च्या सुमारास शिडाची फळी बनवली. पुढे कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी 1967 मध्ये लवचीक सांध्याची फळी पाण्यावर उतरवून तिचे पेटंट घेतले. ड्रेक हा विमानविद्येतला तज्ज्ञ होता, हे शिडाकडे पाहिले की पटते. परंतु पीटर चिल्व्हर्स नावाच्या इंग्रज मुलाने 1958 मध्ये, बारा वर्षांचा असताना, असलेच एक ओबडधोबड यान करून पाण्यावर चालवले होते. पुढे इंग्लंडमध्ये खटला उभा राहिला तेव्हा त्या पोराच्या खटपटीचा दाखला निघाला, आणि वरिष्ठ न्यायालयाने तेथले पेटंट रद्द ठरवले. बारा वर्षांच्या मुलाने त्या दिवशी वाढत्या अंगाचा विचार केला नव्हता. हाताशी होते ते घेऊन तो पाण्यात उतरला होता.

जुने सामान घेऊ नये असे मात्र मी म्हणणार नाही. नवे सारेच महाग. पण फळी उचलून पाहावी: फाजील जड लागली तर तिच्या पोटात पाणी शिरले आहे असे समजावे. पायाखालचा भाग अंगठ्याने दाबून पाहावा. दबला तर सोडून द्यावी. उन्हाने शिडाचा पारदर्शक पडदा ठिसूळ होतो, तो चुरगळून पाहावा. काठी, आणि हातांनी धरावयाची ती कमानदार दांडी, यांना तडे नसावेत. आणि तो सांधा, मालक काहीही म्हणो, नवाच घालावा.

अर्थात् फळी मिळाली म्हणून तलाव मिळत नाही. वरवंडचा तलाव खेळासाठी नाही, पिकांसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी आहे. पाटबंधारे खात्याच्या परवानगीवाचून त्यात फळी घालणे योग्य नव्हे, आणि आवर्तनाप्रमाणे पाणी उतरले की काठाशी चिखल उघडा पडतो. म्हणून मी भाच्याला सुचवले की, पैसे तूर्त तसेच ठेव. दिवाळीनंतर गोव्याला जा, आठ दिवस भाड्याची फळी घेऊन शिक्षकाच्या नजरेखाली पड आणि ऊठ. ज्या भूमीतून केटया आणि डेन कुएल्यो ही बहीणभावंडे याच खेळात 2018 च्या आशियाई स्पर्धांपर्यंत पोचली, तेथे शिकण्यात कमीपणा नाही. 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धांत इबाद अली याने शिडाच्या फळीवर भारतासाठी कांस्यपदक मिळवले. पण पहिल्या दिवशी त्यालाही कोणीतरी शीड उचलावयासच शिकवले असेल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. स्वर असा की जणू काही मुलूख जिंकला! "मामा, निघालो होतो तिथंच परत आलो!" व्यवहारात एखाद्याने असे सांगितले तर आपण त्याची कीव करतो. निघालो तेथेच परत येणे म्हणजे श्रम फुकट गेले, असा आपला हिशेब. या एका खेळात मात्र ते वाक्य म्हणजे पहिले प्रशस्तिपत्र होय, आणि ते मला कळवण्याआधी त्याने आईला कळवले होते.

फळी त्याने अद्याप घेतलेली नाही. घेतले आहे ते एक तरंगते जाकीट. ते विकत घेताना दुकानदाराने एक माप मोठे सुचवले, जाड कपड्यांवरूनही चालेल म्हणून; पण मुलगा आता शहाणा झाला होता. ढगळ जाकीट पाण्यात पडताच वर सरकते, गळ्यातून निसटते, आणि माणूस खाली राहतो. म्हणून त्याने पट्टे आवळून, खांद्याशी धरून वर ओढून पाहिले आणि अगदी अंगाबरोबर बसले तेच घेतले. उद्या तो जाड झाला तर दुसरे घ्यावे लागेल. तो खर्च त्याच्या आईने आनंदाने कबूल केला आहे.