तोटी

स्वयंपाकघर नवे करायचे तर आधी पाण्याचा विचार करावा, मग तोटीचा, आणि सिंकचा सगळ्यांत शेवटी. मी नेमका उलट्या टोकापासून निघालो. मराठीच्या प्राध्यापकाकडून याहून वेगळी अपेक्षा तरी कुणी का ठेवावी?

कुंडलिका ओलांडून आम्ही उभयता नव्या जालन्यातल्या एका दुकानात गेलो. बगळ्याच्या मानेसारखी उंच, चकचकीत तोटी पाहून आमच्या सौभाग्यवतींचे डोळे लकाकले. दुकानदाराने ती सुरू केली. काय ती धार! मी पैसे काढणार, तोच कोपऱ्यात बिडी विझवत बसलेल्या म्हाताऱ्या प्लंबरने विचारले, "सर, तुमची टाकी तोटीच्या वर किती आहे?"

"असेल नऊ-दहा फूट."

"मग ही तोटी तुमच्याकडं नुसती ठिबकंल."

दुकानातल्या त्या धारेमागे पंप होता. दहा मीटर उंचीवरून उतरणारे पाणी चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब देते. आमची टाकी जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे दाब पाव किलोच्या थोडा पुढे. असल्या नाजूक तोट्या बहुधा किलोभर दाब धरून घडवलेल्या असतात. शिवाय आमचे बोअरचे पाणी जड. तोंडाशी हवा मिसळणारी जी बारीक जाळी असते, ती चुन्याने महिन्या-दोन महिन्यांत बुजते. म्हणून जाळी हाताने फिरवून निघेल अशीच तोटी घ्यावी. अंग पितळेचे असावे. ते हातात घेतले की वजनच सांगते. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या तोटीत रबरी वायसराऐवजी चिनी मातीच्या चकत्या असतात. त्या टिकतात पुष्कळ, पण टँकरच्या पाण्यातली रेती त्यांना ओरखडे पाडते, तेव्हा नळीच्या मुखाशी गाळणी हवीच. एवढे ज्ञान मला एका बिडीच्या अवधीत मिळाले. एम.ए.ला दोन वर्षे लागली होती.

सिंकच्या बाबतीत मी खिशात लोहचुंबक घेऊन गेलो होतो. चिकटला नाही तर पोलाद उत्तम, असे कुणीतरी सांगितले होते. तो कुठेच चिकटला नाही, आणि मी विजयी मुद्रेने पाहू लागलो. दुकानदार हसून म्हणाला, "हलक्या २०२ ला पण नाही चिकटत, सर. ३०४ चा शिक्का पाहा." त्या ३०४ मध्ये क्रोमियम अठरा टक्के आणि निकेल आठ टक्के असते, म्हणून ते सहसा गंजत नाही. सळ्यांच्या कारखान्यांच्या या गावात जन्म घालवून मला लोखंडातले इतकेच कळत होते! सौभाग्यवतींची कसोटी माझ्यापेक्षा खरी होती. त्यांनी पिशवीतून घरची परात काढली आणि प्रत्येक सिंकमध्ये ठेवून पाहिली.

घरी मात्र एक तिसरी परीक्षक बसली होती. आई.

आमची मोरी म्हणजे तिचे राज्य. पाटावर बसून, पहिल्या घमेल्यात विसळायचे, दुसऱ्यात खंगाळायचे. दुसऱ्यातले पाणी उद्याच्या पहिल्यात, आणि उरलेले परसातल्या लिंबाला. २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव तळाला गेला, गल्लीत टँकरसाठी हंड्यांची रांग लागू लागली, तेव्हा या दोन घमेल्यांनी आमचे घर चालवले. मी वर्गात दुष्काळावरच्या कविता शिकवत होतो. हिशेब आई ठेवत होती. पुढे जायकवाडीचे पाणी शहरात आले, तरी आमच्या नळाला रोज पाणी आल्याचे मला आठवत नाही.

आता गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी तिला खाली बसायची बंदी केलेली. मोरी फोडायची ती तिच्यासाठीच. हे मी तिला चार वेळा समजावून सांगितले. ती म्हणाली, "समजतंय रे मला. पण नळाखाली भांडं धुतलं की किती पाणी गेलं ते दिसत नाही. घमेल्यात दिसतं."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. रात्रभर मला झोप आली नाही, असे म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी जाऊन मी एका भांड्याचे सिंक बदलून दोन भांड्यांचे घेतले. दोन्हींना घट्ट बसणारी बुचे. दुसऱ्या भांड्याची नळी वेगळी काढून भिंतीतून परसात न्यायची, असे ठरले. तोच म्हातारा प्लंबर कामाला आला. भिंत फोडताना तो बराच पुटपुटला. आईची उंची पाच फुटांच्या आत, म्हणून ओट्याचा तेवढा भाग तीस इंचांवर उतरवला. सौभाग्यवतींना आता वाकावे लागते. त्यांनी ते अजून बोलून दाखवलेले नाही, आणि मीही विचारायला धजलेलो नाही. बगळ्याची मान दुकानातच राहिली. जिच्याखाली कळशी मावते अशी साधी पितळी तोटी आली.

पहिल्या सकाळी आईने तोटीला हातसुद्धा लावला नाही. माठातून तांब्याभर पाणी घेतले, दुसऱ्या भांड्यात ओतले, आपली चहाची कपबशी खंगाळली. मग बूच काढले आणि भिंतीला धरत धरत परसात गेली. मी ओट्याशी उभा होतो. बराच वेळ काही ऐकू येईना.

"आलं रे," ती लिंबापासून म्हणाली. "पण नळी हातभर अलीकडं घ्यायला सांग त्याला. बुंध्यावरच पडतंय."