तारा तुटला तर खूण धरा



दिवस मावळताना आभाळातून लखलखीत गोळा गेला, की आपण हात जोडतो. जोडावेत. पण त्याबरोबर एक खूणही धरावी, एवढेच सांगायचे आहे.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आम्ही एकदा हुरड्याला बसलो होतो. तिन्हीसांजेला असा तारा तुटला. कोणी म्हणाले ओढ्यापलीकडे पडला, कोणी म्हणाले शेजारच्या शिवारात. घरची म्हातारी मात्र म्हणाली, “निंबाच्या शेंड्यावर दिसला, अन् विहिरीच्या अंगाला इझला.” साक्ष म्हणावी ती ही! कारण असा गोळा बांधापलीकडे पडल्यासारखा वाटला, तरी बहुधा पन्नास-शंभर किलोमीटर लांब असतो.

एका गावची दिशा म्हणजे नुसती एक रेघ. करमाळ्याच्या माणसाने आग्नेयेला पाहिला आणि सांगोल्याच्या माणसाने ईशान्येला, तर दोन्ही रेघा मोहोळच्या आसपास एकमेकींना कापतात. ठिकाण सापडते ते असे.

म्हणून उभे होता ती जागा सोडू नका. कोणत्या झाडावर दिसला, कुठे विझला, घड्याळात किती वाजले, ते लिहा. मनात आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, त्यामुळे धडाका काही मिनिटांनीही येतो.

किती वेळ दिसला तेही महत्त्वाचे. उल्का सेकंदाला 11 किलोमीटरहून अधिक वेगाने वातावरणात शिरते व काही सेकंदांत विझते. सावकाश, तुकड्यातुकड्यांनी आडवे जाणारे बहुधा माणसाने सोडलेल्या यंत्राचे अवशेष असतात. 2 एप्रिल 2022 रोजी, पाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात अनेक ठिकाणी असेच दृश्य दिसले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे पडले. चीनने फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या अग्निबाणाचा तो भाग असावा, असे जाणकारांचे मत पडले. नागपूर जिल्ह्यात काटोलला 22 मे 2012 रोजी पडले, ते मात्र खरे उल्कापाषाण.

रानात धातूचा तुकडा वा टाकी सापडली, तर पोरांना जवळ जाऊ देऊ नका. आत विषारी इंधन उरलेले असू शकते. भंगारात तर मुळीच घालू नका. काळ्या सालीचा अनोळखी दगड दिसला, तर धुऊ नका, फोडू नका. पडला ती जागा खुणेने राखा आणि पोलीस पाटील किंवा तलाठ्यामार्फत तहसीलला कळवा. असे दगड तपासण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करते.

पानावरचा डाग पाहून रोग ओळखणारी तुमची नजर आहे. ती आभाळाकडेही लावा, आणि पाहिलेले कागदावर उतरवा.