मागच्या सीटवरचा मित्र

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही सहा मित्र तीन टँडम सायकली भाड्याने घेऊन पुण्याहून कार्ले लेण्यांना गेलो. जुन्या मुंबई रस्त्याने सुमारे ६० किलोमीटर. टँडम म्हणजे एकामागे एक दोन सीटची सायकल. हँडल नि ब्रेक पुढच्याच्या हाती. पायडल मात्र साखळीने जोडलेले, दोघांचे पाय बरोबरच फिरतात.

आमच्यातला एक मित्र अंध आहे. तो मागे बसला. पुढच्याने "खड्डा!", "उतार!", "पाय थांबव!" असे ओरडून सांगायचे.

वडगावला चहावाले म्हणाले, "याला फुकट फिरवताय वाटतं!"

मित्र हसला. "मामा, कोण कोणाला ओढतं ते कामशेतच्या चढावर बघा!"

आणि खरेच, त्या चढावर पुढच्याला दम लागला, तेव्हा त्याच्याच पायांनी सायकल वर नेली.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चैत्यात ३७ खांब आहेत. दाराजवळच्या ब्राह्मी लेखात दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. हे सांगताच मित्र म्हणाला, "म्हणजे राबणाऱ्याचं नाव तेव्हाही लिहीत होते!"

रात्री सगळे सुखरूप परतलो.

वाचकहो, आपल्या घरातल्या अंध भावाबहिणीला कोपऱ्यात बसवू नका. मागची सीट ओझ्याची नसते. तिलाही पायडल असते.