तापातला पाव

आमच्या घरात पाव आला की शेजारची काकू दारातूनच विचारायची, "कोण पडलंय?"

बार्शीपासून दहा-बारा मैलांवरचं आमचं गाव ज्वारीचं. सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, रात्री दुधात कुस्करलेली भाकरी. पाव यायचा तो तापाबरोबर. डॉक्टर म्हणायचे, "दोन दिवस भाकरी बंद, चहा-पाव द्या," आणि अण्णा सायकलला टांग मारून बार्शीला निघायचे. संध्याकाळी परतले की पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार पाव निघायचे. अण्णा स्वतः भरवायचे. पावाचा तुकडा चहात बुडवायचा आणि तो गळून कपात पडायच्या आत तोंडात घालायचा. तो गोड, लिबलिबीत घास, जिभेवर आधीपासून असलेली गोळीची कडवट चव आणि कपाळावर अण्णांचा खरखरीत हात. माझ्या लेखी पाव म्हणजे एवढं सगळं मिळून.

आजी पावाला शिवायचीसुद्धा नाही. "पायानं तुडवत्यात त्येला," ती म्हणायची. पाव हा शब्द पोर्तुगीज आहे, गोव्यात आजही सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून पाव विकणारा पोदेर येतो, हे मला फार पुढे कळलं. आजीला पायाची शंका आली ती बहुतेक नावावरूनच.

१९९१च्या जूनमध्ये नोकरी लागली. बार्शीहून नॅरोगेजनं कुर्डुवाडी, तिथून रात्रीच्या गाडीनं मुंबई. लालबागच्या चाळीत मावसभावाच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. पहिल्या सकाळी सहाच्या सुमाराला गॅलरीत आलो तर खाली पाववाला उभा. सायकलच्या कॅरिअरवर भली मोठी टोपली, तीवर निळं प्लास्टिक. चाळीतली पोरं, बाया, बनियनवरचे बाप्ये, सगळे खाली उतरत होते आणि हातात लादी घेऊन वर येत होते. माझ्या हिशेबानं अख्खी चाळ आजारी होती. मी घाबरून भावाला विचारलं, "साथ आलीय काय रे?" तो हसला नाही. त्यालाही पहिल्या दिवशी असंच वाटलं होतं.

लादी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. गावात पाव सुटे यायचे. इथे ते एकमेकांना घट्ट चिकटून आलेले, वरून एकसारखे तपकिरी, जणू एकच पाव. ओढून वेगळा केला की जिथे शेजारचा चिकटलेला असतो तिथली बाजू पांढरी, रेशेदार निघते आणि तिथून गरम वाफ येते. कडेच्या पावाला भट्टीची धग थेट लागलेली, म्हणून त्याची एक बाजू जरा कडक. भावाला कडेचा लागायचा, मला मधला. सहा जणांत पाव वाटताना कुणाला कुठला आवडतो हे आठवडाभरात पाठ झालं. त्या खोलीत आमची ओळख आधी अशी झाली, नावं-गावं नंतर.

तो पाव लाकडाच्या भट्टीतला होता. २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनाकडे वळायला सांगितलं. माझा मुलगा दम्याचा, त्यामुळे हवा स्वच्छ हवी याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्या कडेच्या पावाला जो किंचित धुराचा वास असायचा, तो मला हवासा वाटतो आणि तसा तो वाटत राहील.

चाळीतल्या त्या पहिल्या सकाळीनंतर या शहरात पाव कशाकशाबरोबर खातात हे बघण्यात वर्ष गेलं. उसळ-पाव, मिसळ-पाव, भुर्जी-पाव, खिमा-पाव, आम्लेट-पाव. खाणावळीची मावशी पोळी उरली नाही की पाव द्यायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वडापाव तर मी दादरला गाडीची वाट बघताना शिकलो. दादर स्टेशनबाहेर १९६६च्या सुमाराला अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला असं मुंबईत सांगतात. ते कुणालाही सुचलेलं असो, वडापाव करणारे हात बघण्यासारखे असतात. लादीतून एक पाव उपटायचा, सुरी फिरवायची पण एक कड जोडलेलीच ठेवायची, अंगठ्यानं हिरवी चटणी फासायची, लसणाची लाल चटणी भुरभुरायची, वडा ठेवून तळव्यानं एकदा दाबायचा, कागदात मिठाची तळलेली मिरची टाकायची. समोरच्यानं पैसे पुढे केलेले असतात तोवर हे सगळं झालेलं असतं. दोघांत एक शब्द होत नाही. गावात पानाच्या टपरीवरसुद्धा आधी पाऊसपाण्याची चौकशी होते, मग पान. इथे मला ते न बोलणं आधी तुसडं वाटलं. काही महिन्यांनी एकदा गाडी सुटत होती, मी नुसता हात पुढे केला आणि वडापाववाल्यानं माझ्या आवडीप्रमाणे जास्त लाल चटणी घातलेला पाव हातावर ठेवला. चौकशी झालेली होती, फक्त तोंडानं नव्हे.

माझं ऑफिस फोर्टात. जेवणाच्या सुट्टीत पाय आपोआप आझाद मैदानाकडे वळायचे. गावात आमचं मैदान म्हणजे काढणीनंतरचं रान, एक चेंडू, एक डाव. इथे एका मैदानावर बावीस खेळपट्ट्या! एका सामन्याचा सीमारेषेवरचा खेळाडू दुसऱ्या सामन्याच्या पंचाजवळ उभा. चारी बाजूंनी अपील, चारी बाजूंनी टाळ्या, आणि "बॉऽऽल!" अशी हाक आली की कुणाचाही कोणीही चेंडू अडवून परत फेकायचा. इतक्या गर्दीत आपापला चेंडू ओळखून खेळणं हे मला लोकलमध्ये चढण्याइतकंच अवघड वाटायचं. याच मैदानाच्या कडेला जिमखान्यावर १९३३ साली देशातला पहिला कसोटी सामना झाला, लाला अमरनाथांनी शतक ठोकलं. आणि इथेच फेब्रुवारी १९८८मध्ये शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळी या दोन शाळकरी पोरांनी हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची भागी केली. ती भागी आपण उभं राहून बघितली असं सांगणारे मला ऑफिसात, लोकलमध्ये, चाळीत इतके भेटले की ते सगळे एकदम आले असते तर मैदानात खेळायला जागा उरली नसती. पण मला त्यांच्यावर अविश्वास दाखवावासा वाटत नाही. सांगताना त्यांचे डोळे खरे असायचे.

मला सगळ्यात चक्रावलं ते कांगा लीगनं. १९४८पासून ही स्पर्धा मुद्दाम भर पावसाळ्यात खेळतात. ओल्या, उघड्या खेळपट्टीवर चेंडू कसा उसळेल याचा भरवसा नसतो, आणि त्या चिखलात जो टिकला त्याचं तंत्र पक्कं, असा मुंबईचा विश्वास. ऑगस्टमधल्या एका रविवारी मी तंबूच्या कनातीला टेकून उभा होतो. सर आली, खेळ थांबला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आत आली, कुणीतरी वडापावांची पिशवी फिरवली, एक माझ्याही हातात आला. सगळे आभाळाकडे बघत होते आणि पाऊस जावा म्हणून देवाचा धावा करत होते. त्याच आठवड्यात अण्णांचं पत्र आलं होतं, पावसानं ओढ दिल्याचं. तूर माना टाकत होती. तो वडापाव मला काही केल्या गिळवेना. त्या पोरांचा दोष नव्हता. पण ढग बघून दोन प्रकारचे हात जोडले जातात हे मला त्या तंबूत कळलं, आणि मी दोन्हीकडचा होतो.

इतक्या प्रकारे पाव खाल्ला, एका प्रकारे मात्र कधीच नाही. धोबीतलावच्या क्यानीमध्ये, ते १९०४पासूनचं, मित्र ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, मागवायचे आणि चहात बुडवून खायचे. मी मस्का चाटायचो, ब्रुन कोरडा कुडुमकुडुम खायचो, चहा वेगळा प्यायचो. बुडवला की ताप येईल अशी काहीतरी धास्ती. आई एकदा मुंबईला आली तेव्हा तिनंही लादीकडे बघून आधी माझ्या गळ्याला हात लावला होता. मग तिनं सोबत आणलेली शेंगदाण्याची चटणी तेल घालून पावात भरली आणि म्हणाली, "असा खात जा, अंगी लागंल." मी अजून तसाच खातो.

२६ जुलै २००५ला दुपारी फोर्टात पाऊस असा नव्हताच. त्या दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर पडला आणि सांताक्रूझला ९४४, हे आकडे नंतर कळले. मी नेहमीसारखा गाडीत बसलो. माटुंग्याच्या पुढे गाडी थांबली ती थांबलीच. अंधार पडल्यावर आम्ही रुळांवरून चालत निघालो, कुणाचाही हात कुणाच्याही हातात. शीवला रस्त्यावर पाणी कमरेला लागत होतं, तोवर घर घाटकोपरला होतं, तिथे पोचणं शक्य नव्हतं, मोबाइल मुके झालेले. एका इमारतीच्या जिन्यात पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं बसली होती, मीही बसलो. दात वाजत होते. मध्यरात्री वरच्या मजल्यावरून एक बाई मेणबत्ती घेऊन खाली आली. मागून तिचा मुलगा, हातात पातेलं आणि दोन लाद्या. तिनं पाव सोडवून प्रत्येकाला एकेक दिला, अर्धा-अर्धा कप चहा दिला. माझा हात इतका थरथरत होता की पाव चहात पडलाच. मी तो तसाच तोंडात घातला.

चौदा वर्षांत न आलेली चव आली. गोड, लिबलिबीत, आणि मागोमाग कपाळ जड. ती बाई पुढच्या माणसाकडे वळली होती. मी तिचा चेहरासुद्धा नीट बघितला नाही.

गावचा फोन लागला तो तिसऱ्या दिवशी. अण्णांनी टीव्हीवर सगळं बघितलं होतं. घर, बायको, पोरगं ठीक आहेत हे त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "रात्री खाल्लं काय?"

"एका बाईनं दिला, चहा-पाव."

पलीकडे काही क्षण आवाजच नाही. मग हळूच,

"अंगात ताप हाय का रं?"