धुराड्याला स्वेटर

उल्हासनगरच्या कॅम्पात मामाच्या खोलीची मागची भिंत आणि बेकरीचं विटांचं धुराडं यांच्यात वीतभरही अंतर नाही. पहाटेच्या पावाचा वास सगळ्यांनाच आवडतो, पण विटांच्या सांध्यांतून झिरपणारा धूर मामीच्या दम्याला मानवत नव्हता. शिवाय धूर निदान दिसतो तरी. त्याच्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तो झोपलेल्या माणसाला जागं करत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. ते वाचून इथल्या बेकरीवाल्या काकांनीही गॅसचा बर्नर बसवायचं ठरवलं. आम्हाला वाटलं, चला, धुराड्याची कटकट संपली!

पण खरी गंमत इथेच आहे. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, अर्थात वाफेच्या रूपात. लाकडाच्या जाळासाठी बांधलेल्या रुंद धुराड्यात ही वाफ रेंगाळते. विटा ५०-५५ अंशांहून थंड असतील तर तिचं पाणी होतं, सांध्यांत मुरतं आणि चुना भुसभुशीत करतं. वायू वर चढतो तो गरम असतो म्हणून. थंडावला की ओढ कमी, आणि मग तो खालीच साचणार. म्हणजे धूर गेला तरी धोका जागच्या जागी!

अंबरनाथच्या एमआयडीसीत बॉयलरची कामं करणारा एक फिटर आला. म्हणाला, "आतून स्टेनलेस स्टीलची नळी सोडू, आणि तिला सिरॅमिक वूल गुंडाळू."

काकांना नळी पटली, वूलचा खर्च पटेना.

"शेठ, नुसता पत्रा म्हणजे स्टीलचा पेला. चहा गरम ठेवायचा तर थर्मास पाहिजे ना?"

मग तोंडाला मास्क बांधून (त्या वूलचे तंतू फुप्फुसाला वाईट) त्याने एक इंचाचा थर गुंडाळला, आत सोडताना फाटू नये म्हणून वरून तारेची जाळी आवळली आणि नळी दोराने हळूहळू खाली उतरवली. वर टोपी बसवली, कारण आपल्याकडच्या पावसात वूल भिजलं की त्याचा उपयोग संपला. वूलमुळे आतली उष्णता आत राहते, आणि शेजारची भिंतही तापत नाही.

इंधन बदललं की सगळं बदललं असं आपण समजतो. जुनी वाट मात्र तीच असते, आणि नव्या पाहुण्यासाठी ती नव्याने बांधावी लागते.

असो. अमेरिकेतल्या भावंडांनो, तुमच्या फायरप्लेसकडेही एकदा बघा. लाकडाचा धूर थंड नळीत डांबरासारखा चिकटतो आणि एखाद्या रात्री पेट घेतो. धुराडं साफ करून घ्या, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, ते आजच बघा.