बोटांना कळलेलं शरीर

पुस्तकातल्या आकृतीत रोहिणी लाल, नीला निळी आणि पित्ताशय हिरवंगार असतं. डिसेक्शनच्या टेबलावर फॉर्मेलिननं यातले बहुतेक रंग घालवलेले असतात. मुळशी तालुक्यात लवळ्याला २०२० साली मुलींचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आणि या डोंगरांतही पहिल्या वर्षाच्या मुली शरीररचनेचे धडे गिरवू लागल्या. शिकवताना माझा आग्रह एकच: नाव नंतर सांगा, आधी हात लावा आणि शेजारी कोण आहे ते बघा.

उजव्या फुप्फुसाचे खंड तीन, डाव्याचे दोन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण खंडांमधली खाच कधी अर्धवटच असते. अशा वेळी मी फुप्फुसाची आतली बाजू चाचपायला लावते. महाधमनीच्या कमानीनं उमटवलेली खोल पन्हळ बोटाला लागली, की ते डावं.

आतड्यांचंही तसंच. मोठं आतडं जाडीवरून ओळखायला गेलं, तर फसायला होतं. आकसलेलं असलं की ते लहान आतड्याइतकंच बारीक दिसतं. त्याच्यावरच्या तीन लांब स्नायुपट्ट्या आणि चरबीचे लोंबते गोंडे मात्र लपत नाहीत. त्यातली एक पट्टी धरून खाली गेलं, की बोट थेट अपेंडिक्सच्या मुळाशी पोचतं. ऑपरेशनमध्ये अपेंडिक्स सापडेना, तर सर्जनही हीच वाट धरतो.

प्लीहेसाठी विषम आकड्यांची जुनी युक्ती आहे: जाडी १ इंच, रुंदी ३, लांबी ५, वजन ७ औंस, जागा ९ ते ११ या बरगड्यांच्या आड. म्हणूनच निरोगी प्लीहा सहसा हाताला लागत नाही. मलेरियासारख्या आजारात ती वाढते, ती तिरकी, बेंबीच्या दिशेनं. तपासणारा हात उजव्या ओटीपोटापासून वर न्यायचा. सुरुवातच डाव्या बरगडीखाली केली, तर फार वाढलेल्या प्लीहेची कडा हाताखालीच राहून जाते.

उद्या यातली एखादी मुलगी पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा घाटाकडच्या एखाद्या वाडीत पोट तपासत असेल. सोनोग्राफीचं यंत्र तिथून लांब असेल. रुग्णानं श्वास आत घेतला, की यकृत खाली सरकतं. त्याची कडा मऊ आहे की टणक, गुळगुळीत आहे की खडबडीत, हे तिच्या बोटांना कळायला हवं. ही ओळख व्हावी म्हणून कुणीतरी मरणोत्तर आपला देह दिलेला असतो. त्या माणसाचं ऋण परीक्षेतल्या गुणांनी फिटत नाही; पुढच्या प्रत्येक पोटावर हात घाई न करता ठेवला, तरच ते थोडंफार फिटतं.