खाऱ्या पाण्याचा कारभार

ज्या शहरातून कोणत्याही दिशेस निघाले तरी समुद्राचे दर्शन होण्यापूर्वी शेकडो मैलांचा मुलूख मागे टाकावा लागतो, जेथे वैशाखात पारा 45 अंशांपलीकडे चढतो आणि पौषात पहाटेचे पाणी बोटांना झोंबते, त्या ग्वाल्हेरच्या हजीरा भागात, एका काचेच्या हौदात समुद्र नांदवावा, हा विचार प्रथम ऐकणाऱ्यास विसंगत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा कारभार दीर्घकाळ सांभाळल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, समुद्राची घडण नीट समजून घ्यावयाची असेल, तर त्याच्यापासून दूर राहणे पुष्कळदा उपकारकच ठरते. किनाऱ्यावरच्या माणसास पाणी आयते लाभते. आम्हांस ते घडवावे लागते.

ते घडवता येते, याचे कारण समुद्राच्याच एका गुणधर्मात आहे. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने 1872 ते 1876 या काळात महासागरांतून पाण्याचे जे नमुने आणले, त्यांतील 77 नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले आणि 1884 साली असे दाखवून दिले की, पाणी कमी खारट असो वा अधिक, त्यातील सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट आदी मुख्य घटकांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ सर्वत्र एकच असते. महासागरागणिक हे प्रमाण निराळे असते, तर तिघऱ्याच्या जलाशयाचे पाणी पिणाऱ्या माझ्यासारख्याने या वाटेस जाण्यात अर्थ नव्हता. नळाचे ते पाणी आर. ओ.च्या पडद्यातून गाळावयाचे, मग रेझिनच्या नळकांड्यातून काढून टी. डी. एस.चा काटा शून्यावर आणावयाचा, म्हणजे क्लोरीन, फॉस्फेट, सिलिका यांची हकालपट्टी होते. आणि नंतर त्यात मिश्रक्षार घालून, दर किलो पाण्यात 35 ग्रॅम क्षार भरेपर्यंत, पंपाने रात्रभर घुसळत ठेवावयाचे. या कामात घाई करणाऱ्यास मी हा छंद आरंभू नये असेच सांगतो.

नवागतांची दृष्टी मात्र आकड्यांवर खिळलेली असते. क्षारता 35 की 34, उष्णता 25 अंश की 26, यांवर ते तासन्‌तास खल करतात. माझ्या घरापासून तानसेनाची समाधी जवळ आहे, आणि दर हिवाळ्यात तेथे भरणाऱ्या समारोहात गवयांना तंबोरे लावताना मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. कोणी काळी एक घेतो, कोणी पांढरी चार, त्याने गाण्याचे काही अडत नाही, पण एकदा लावलेला षड्ज मैफलीच्या मध्यात उतरला तर गाणे उभे राहत नाही. हौदाचेही तेच आहे. 34 क्षारतेवर वर्षभर स्थिर राहिलेले पाणी, आज 33 आणि उद्या 36 होणाऱ्या पाण्याहून शतपट चांगले.

हे स्थैर्य राखणे ग्वाल्हेरात किती कठीण, ते येथील ऋतूंचा अंमल ज्याने सोसला आहे त्यालाच कळेल. लू वाहू लागली, की हौदातील पाणी दुपारपर्यंत तिशीकडे सरकू लागते. अशा वेळी पृष्ठभागावर वारा घालणारा एक लहानसा पंखा आश्चर्यकारक काम करतो, कारण कोरड्या हवेत बाष्पीभवन झपाट्याने होते आणि पाण्याची उष्णता त्याबरोबर निघून जाते. परंतु या सुखाचा मोबदला द्यावाच लागतो: उडून जाते ते केवळ गोडे पाणी, क्षाराचा कण मागेच राहतो, म्हणून पातळी जितकी उतरली तितके शुद्ध गोडेच पाणी परत भरावयाचे, खारे नव्हे, आणि तेही थेंबाथेंबाने, दिवसभर. आषाढ लागला, हवा दमट झाली, की हाच पंखा निरुपयोगी ठरतो आणि चिलरवाचून गत्यंतर उरत नाही. पुढे चार महिन्यांत चित्र उलटते. थंडीत हीटर लागतो, आणि येथे माझा आग्रह असा की एक मोठा न घेता दोन लहान घ्यावेत. एकाचा खटका चालू स्थितीत अडकून बसला तरी सगळा हौद उकळून निघत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा सकाळपर्यंत निभावून नेतो.

वीज गेली असता पाण्यातील प्राणवायू घटू लागतो, त्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपाचा बंदोबस्त हवा. तोही थकला तर तांब्याने पाणी उचलून वरून ओतत राहावे. 1846 साली इंग्लंडातील टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला नेणाऱ्या ॲना थिन या बाईंच्या घरी हाच उपाय योजला जात असे: त्यांची मोलकरीण रोज खिडकीपाशी उभी राहून प्रवाळांचे पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. घरगुती समुद्रालयाच्या इतिहासात त्या मोलकरणीच्या श्रमाला मी फार मोठे स्थान देतो.

प्रवाळ माझ्या हौदात नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली भित्ती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही आले, आणि मला हा हुकूम जाचक वाटत नाही, रास्त वाटतो. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील कमाल उष्णतेहून एखाद-दुसऱ्या अंशाने काही आठवडे अधिक राहिले, तर प्रवाळ आपल्या देहात राहणारी, त्यांना अन्न पुरवणारी शैवले बाहेर टाकून पांढरे पडतात. 1998 साली लक्षद्वीपात हे मोठ्या प्रमाणावर घडले. मालवणच्या किनाऱ्याशी प्रवाळ आहेत, विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँकेच्या बुडीत पठारावर आहेत. ते तेथेच असावेत. हौदात एका अंशासाठी मी दिवसरात्र झटतो, म्हणूनच तेथला एक अंश केवढा असतो, हे मला उमगते.

मग माझ्या हौदात आहे काय? भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक. 1961 साली जाकार्तातील ली चिन एंग यांनी सागरी मासे पाळण्याची आपली पद्धती प्रसिद्ध केली, ती समुद्रातून उचललेल्या जिवंत खडकांवर उभी होती; आम्ही कोरड्या खडकावर जिवाणूंची वसाहत बसवतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. ही साखळी जुळण्यास महिना-दीड महिना लागतो, आणि तोवर हौदात एकही मासा सोडावयाचा नाही. नंतर गोगलगायी आल्या, शैवले आली, आणि शेवटी पैदास केंद्रात जन्मलेले क्लाउनफिश. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडे बसवले, आणि महाराष्ट्रात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम झाले आहे. त्यामुळे समुद्रातून मासा न ओरबाडता हा छंद करणे आता शक्य आहे.

क्लाउनफिश जन्मतः सारे नरच असतात. जोडीतील थोरला मादी होतो, आणि मादी गेली तर नर तिची जागा घेतो. माझ्या जोडीने आता खडकावर नारिंगी अंडी घालण्यास आरंभ केला आहे, आणि नर आपल्या परांनी त्यांना अहोरात्र वारा घालीत असतो. आठ-दहा दिवसांनी, दिवे मालवल्यावर, पिले बाहेर पडतात. त्यांना रोटिफर हे सूक्ष्म जीव लागतात, रोटिफरांना हिरवे शैवल, आणि शैवलाला प्रकाश. उत्तरेच्या खिडकीत मी बरण्यांची रांग मांडली आहे आणि प्रत्येक बरणीवर पेरणीची तारीख आहे. कारण अंड्यांची पुढची खेप फुटेल त्या रात्री रोटिफर तयार हवेत, दुसऱ्या दिवशी नव्हे.